‘लाइन’वर फिरलेली तांबडी शाई

गेल्या सत्रात पदवीच्या वर्गाला अंतर्गत मूल्यमापनासाठी आम्ही गावातल्या एका हंगामावर निबंध लिहायला सांगितला होता. सेनगाव तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीच्या निबंधात दोन वाक्ये होती. पहिले : ‘रात्री लाइन आली की वडील हळदीला पाणी द्यायला जायचे.’ दुसरे : ‘खुरपणीत आईची पात सगळ्यांच्या पुढे असायची.’ तपासून परत गेलेल्या कागदावर दोन शब्दांभोवती तांबडी वर्तुळे होती. ‘लाइन’च्या वर लिहिले होते, ‘इंग्रजी शब्द टाळावा : वीजपुरवठा’; आणि ‘पात’च्या वर, ‘ग्राम्य : ओळ लिहावे’. दोन्ही वाक्यांचे मिळून दोन गुण गेले.

ती तांबडी शाई आमचीच होती. म्हणून प्रस्तुत टिपणातला वाद परक्यांशी नाही; आम्हा मराठीच्या अध्यापकांचा तो आमच्याच सवयीशी आहे. एकाच वेळी इंग्रजी शब्दाला परका म्हणून आणि शेतातल्या मराठी शब्दाला गावंढळ म्हणून हाकलणारा अध्यापक नेमकी कोणती मराठी राखत असतो, हा प्रश्न त्या मुलीने आम्हांला विचारला नाही. तो आम्हीच स्वतःला विचारायला हवा होता.

प्रथम ‘लाइन’ या शब्दाचेच पाहू. हिंगोली, औंढा, कळमनुरी, वसमत, सेनगाव या पाचही तालुक्यांत दिवसभरात हा शब्द किती अर्थांनी कानांवर पडतो ते मोजायला बसलो, तर बोटे अपुरी पडतात. राशन दुकानापुढे ‘लाइन’ लागते. मुलाने ‘कोणती लाइन’ घ्यावी याची घरात चर्चा होते. सायन्स घ्यावे, आर्ट्स घ्यावे की आयटीआय करावे. वाया गेलेला पुतण्या ‘लाइनीवर’ येतो. विहिरीपासून शेतापर्यंत ‘पाइपलाइन’ टाकली जाते. बोलता बोलता फोनची ‘लाइन’ तुटते. पूर्णा ते अकोला हा लोहमार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला तेव्हा लोकांच्या लेखी ‘मोठी लाइन’ आली. पोलिसांची मुले ‘पोलीस लाइन’मध्ये राहतात. आणि ज्या अर्थावरून हा सगळा प्रपंच, ती शेतीपंपाची ‘लाइन’ येते, जाते, कधी कमी दाबाने येते आणि माणसांना रात्रभर जागे ठेवते.

आता या प्रत्येक ठिकाणी एकच मराठी पर्याय घालून पाहावा. रांग, ओळ, रेषा, पंक्ती, हार, मार्ग, वाहिनी, शाखा, वसाहत, धंदा, शिस्त : एवढे शब्द हाताशी असूनही यांतला एकही सगळीकडे चालत नाही. पुतण्या ‘रेषेवर’ येत नाही, मुलगा ‘रांग’ निवडत नाही, आणि रात्री दोन वाजता शेतात ‘पंक्ती’ येत नाही. समानार्थी शब्दांच्या ज्या याद्या आम्ही वर्गात घोकून घेतो आणि स्पर्धापरीक्षांची मार्गदर्शके ज्या छापतात, त्यांचे अर्धसत्य येथे उघडे पडते. पाणी म्हणजे जल, नीर, तोय, उदक, जीवन, असे आमचा विद्यार्थी एका श्वासात सांगतो. परंतु ‘त्याने त्याला पाणी पाजले’ या वाक्यात ‘जल’ घालून काय होते, हे त्याला कुणी विचारत नाही. शब्दाचा अर्थ यादीत नसतो. तो शेजारच्या क्रियापदात, बोलणाऱ्याच्या गरजेत आणि ऐकणाऱ्याच्या अनुभवात असतो.

इंग्रज आपल्या भाषेतल्या अनेकार्थी शब्दांकडे कसे पाहतात, ते या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या तीन अक्षरी क्रियापदाची होती. सुमारे ४३० अर्थ. पुढच्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ने त्यालाही मागे टाकले. हा त्यांना भाषेचा गोंधळ वाटत नाही, वैभव वाटते. आमच्याकडे मात्र एखाद्या शब्दाने चार ठिकाणी काम केले की आम्ही त्याला ‘ढोबळ’ ठरवतो. आणि तो इंग्रजीतून आलेला असला तर गुन्हा दुप्पट.

‘लाइन’ परकी आहे, हा पहिला आक्षेप. तिच्या कुळाची चौकशी केली तर ती थेट लॅटिनपर्यंत जाते. तेथे ‘लिनेआ’ म्हणजे जवसाच्या झाडाच्या धाग्याची दोरी. जवस आम्हांला अनोळखी नाही. त्याची चटणी आमच्या भाकरीवर असते. ही केवळ गंमत म्हणून सोडून देऊ, कारण व्युत्पत्तीवरून कुणाचे नागरिकत्व ठरत नाही. ते व्याकरणावरून ठरते. इंग्रजीत या शब्दाला लिंग नाही. मराठीने त्याला स्त्रीलिंग दिले, बहुधा ओळ आणि रांग यांच्या पंक्तीला बसवून. त्याचे सामान्यरूप केले : लाइनीत, लाइनीला, लाइनीवर. अनेकवचन केले : लाइनी. त्याला आपली क्रियापदे जोडली : लागली, गेली, तुटली, टाकली, धरली. घरात आलेल्या माणसाला आडनाव दिले, ताटाला बसवले, कामाला लावले. आता त्याला पाहुणा म्हणण्यात काय अर्थ आहे?

हे हिंगोलीत बसून सांगावे लागते, याचे आम्हांला विशेष वाटते. हे गाव एकोणिसाव्या शतकात निजामाच्या कंटिंजंट फौजेचे ठाणे होते. १९०३ मध्ये ती फौज हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. सैनिकांच्या घरांच्या ज्या रांगा, त्यांना छावणीच्या भाषेत ‘लाइन’ म्हणत. ‘पोलीस लाइन’ हा शब्द त्याच वळणाचा. फौज गेली, पण हिंगोलीतल्या वस्त्यांची नावे राहिली : पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा. ‘पलटण’ हा इंग्रजी ‘बटालियन’चा अवतार मानला जातो, ‘रिसाला’ अरबीकडून आला, ‘तोफखान्या’तली तोफ तुर्की आणि खाना फारसी. ‘पेन्शनपुरा’ तर इंग्रजी पेन्शन आणि आपले पूर यांचा उघड संसार. या नावांभोवती कुणी तांबडे वर्तुळ काढत नाही. पत्ता लिहिताना आम्हीही ती निमूटपणे लिहितो. शंभर वर्षांपूर्वी आलेला शब्द इतिहास आणि काल आलेला शब्द आक्रमण, असा हा न्याय आहे.

भाषाशुद्धीच्या चळवळीची टवाळी करण्याचा आमचा हेतू नाही. शिवकाळात राजव्यवहारकोश झाला, विसाव्या शतकात सावरकरांनी हा विषय हाती घेतला, माधव जूलियनांनी १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. दिनांक, क्रमांक, महापौर हे सावरकरांच्या नावे सांगितले जाणारे शब्द आज आपण सहज वापरतो. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या कोशांवाचून मराठी राज्यकारभार चालला नसता. आयटीआयमध्ये टर्नरला ‘कातारी’ आणि फिटरला ‘जोडारी’ म्हणतात, ते आम्हांला मनापासून आवडते. कारण कातणे आणि जोडणे ही कामे त्या शब्दांत दिसतात. वेल्डरला ‘संधाता’ म्हणतात तेव्हा मात्र काम दिसत नाही, केवळ संस्कृत दिसते. म्हणजे प्रश्न स्वदेशी-परदेशीचा नाहीच. शब्दात काम दिसते की नाही, हा प्रश्न आहे.

या कसोटीवर ‘रात्री लाइन आली’ हे वाक्य तपासू. आमच्या तांबड्या शाईने सुचवलेला पर्याय होता ‘वीजपुरवठा’. तो चूक आहे, आणि केवळ शैलीच्या दृष्टीने चूक नव्हे, वस्तुस्थितीच्या दृष्टीने चूक आहे. गावठाणाची वीज वेगळ्या फीडरवरून येते, शेतीपंपांची वेगळ्या. घरात दिवा जळत असतो आणि तरी शेतकरी म्हणतो, ‘लाइन नाही.’ तीनपैकी एखादी फेज नसेल तर बांधावरच्या खोपीत बल्ब लागतो, मोटार उचलत नाही. तेव्हाही तो म्हणतो, ‘लाइन नाही.’ शहरात ‘लाइट’ जाते. शेतात ‘लाइन’ जाते. म्हणजे ‘लाइन’ या शब्दात तीन फेजचा, मोटार ओढेल एवढ्या दाबाचा, पाळीपाळीने दिवसा किंवा रात्री मिळणारा आणि केव्हाही खंडित होऊ शकणारा असा विशिष्ट पुरवठा सामावलेला आहे. हळद हे नऊ महिन्यांचे पीक. मे-जूनमध्ये लावायचे, हिवाळाभर पाणी द्यायचे. रात्रीची पाळी आली की थंडीत, विंचूकाट्यात, बॅटरीच्या उजेडात दारे धरायची. त्या मुलीच्या ‘लाइन आली’मध्ये ही रात्र होती. ‘वीजपुरवठा सुरू झाला’मध्ये ती नाही, त्यात फक्त प्रसिद्धिपत्रक आहे.

यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, मग ‘वाहिनी’ लिहावे. शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या योजनेचे नावच ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना’ आहे. त्यांचा आदर राखून आम्ही विचारतो : ‘लाइन’ अनेकार्थी म्हणून ढोबळ, मग ‘वाहिनी’ काय आहे? दूरदर्शनवर ती चॅनेल असते, शरीरात रक्त वाहून नेते, जुन्या ग्रंथांत ती सेना असते, आणि आता खांबावर चढून फीडर झाली आहे. हे सगळे अर्थ तिला शोभतात, तर ‘लाइनी’नेच काय घोडे मारले? त्या योजनेचे उद्दिष्ट शेतीला दिवसा वीज देणे हे आहे. ते साधले तर आमच्या पुढच्या पिढीच्या निबंधांतून ‘रात्री लाइन आली’ हे वाक्य आपोआप नाहीसे होईल, आणि आम्ही आनंदाने त्याला निरोप देऊ. वाक्य नाहीसे व्हायचे असेल तर ते असे व्हावे. तांबड्या शाईने नव्हे.

आता दुसऱ्या वर्तुळाकडे वळू, कारण खरा अपराध तेथे आहे. ‘पात’ म्हणजे खुरपताना किंवा सोंगताना एकेका मजुराच्या वाट्याला येणारा पिकाचा पट्टा. पात धरली जाते, पात लागते, पात मागे राहते, पात पुढे जाते. आईची पात पुढे होती, या चार शब्दांत एका बाईचे कष्ट, तिचा वकूब आणि तिचा अभिमान आहे. ‘आईची ओळ पुढे होती’ असे लिहिले की ती बाई शाळेच्या प्रार्थनेला उभी राहते. शेतात नुसती ‘ओळ’ नसतेच. पेरणीने उमटते ती काकर, पिकाची उभी रांग ती तास, पाण्यासाठी सरी आणि तिच्या कडेचा वरंबा, मजुराची ती पात, गाडीने पडते ती चाकोरी. इंग्रजी ‘लाइन’ जिथे एकटी उभी आहे तिथे आमच्याकडे सहा शब्द आहेत, आणि प्रत्येकाचे काम निराळे. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने १९३२ ते १९३८ या काळात सात खंड काढले तेव्हा प्रांतिक शब्दांना मानाने जागा दिली. त्या कोशकारांनी ज्यांना दार उघडले, त्यांना आम्ही उत्तरपत्रिकेत दार लावून घेतो.

याचा परिणाम काय होतो? विद्यार्थी हुशार असतात. ‘पात’ लिहिले की गुण जातात हे एकदा कळले की ते पुन्हा लिहीत नाहीत. ‘ओळ’ त्यांना शेतात परकी वाटते. मग ते बोलताना ‘सोयाबीनच्या लाइनी’ म्हणू लागतात. खताच्या पिशवीवर आणि कृषिसल्ल्याच्या चित्रफितीत तोच शब्द असतो. म्हणजे ज्या ‘लाइनी’ला अडवण्यासाठी आम्ही चौकी बसवली, तिच्यासाठी मागचे दार आम्हीच उघडून दिले. पंपाच्या लाइनीने कुठल्याही मराठी शब्दाची जागा घेतली नव्हती. ती वस्तूच नवी होती. तासाची आणि पातीची जागा घेणारी लाइन मात्र भरल्या घरात शिरते. शुद्धिवादी पहिलीशी लढतो आणि दुसरी त्याला दिसतही नाही, कारण पात आणि तास हे शब्द त्याच्या ओळखीचेच नसतात.

तेव्हा ‘सगळे चालते’ असे म्हणणाऱ्यांच्या गोटातही आम्ही जात नाही. लेखणी चालवायला जागा आहे. ती निवडावी लागते. ‘या अभंगात चार लाइनी आहेत’ असे एम. ए.चा विद्यार्थी लिहितो तेव्हा तांबडी शाई अवश्य वापरावी. मोठ्या अभंगाचे चरण चार, परंतु छापताना ते बहुधा दोन ओळींत बसतात. ओवीचे चरण साडेतीन मानतात. ओळ ही कागदावरची गोष्ट आहे, चरण ही कानाची. ‘लाइन’ म्हटले की हा भेद पुसला जातो आणि त्याबरोबर छंदाचे अर्धे शास्त्र जाते. नामदेवांचे जन्मगाव मानली जाणारी नरसी आमच्या जिल्ह्यात आहे. तेथल्या विद्यार्थ्याला चरण आणि ओळ यांतला फरक ठाऊक असू नये, ही आमच्या शिकवण्यातली उणीव आहे. त्याच नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. परमुलखातल्या बोलीत आपले म्हणणे नेण्याची त्यांना भीती वाटली नाही. आपली भाषा सैल आहे म्हणून नव्हे, पक्की होती म्हणून.

आणखी एक जागा. ‘लाइन मारणे’ हा प्रयोग कॉलेजच्या आवारात सर्रास ऐकू येतो, आणि आम्हीही तो हसण्यावारी नेतो. या प्रयोगात मुलीच्या मागे लागणे, तिची वाट अडवणे, तिला नकोसे होईपर्यंत पाहत राहणे हे सगळे एका खेळकर शब्दात गुंडाळले जाते. मराठीत ‘छेड काढणे’, ‘पाठलाग करणे’ हे स्पष्ट शब्द आहेत, आणि २०१३ पासून पाठलाग हा कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे. येथे ‘लाइन’ इंग्रजी आहे म्हणून नव्हे, ती अपराध झाकते म्हणून तिला हटकले पाहिजे. ‘पंक्तिप्रपंच’सारखा शब्द मराठीने घडवला तो एकाच पंगतीतला अन्याय उघडा पाडण्यासाठी. अन्याय झाकणारा शब्द, मग तो संस्कृत असो की इंग्रजी, आमच्या लेखी अशुद्ध आहे.

आणि खरे भय नामांचे नाहीच, क्रियापदांचे आहे. भाजी चिरतात, कणीस खुडतात, ज्वारी सोंगतात, फांदी छाटतात, कापड कातरतात, लाकूड तोडतात. आता हे सगळे ‘कट करतात’. वाट पाहणे, थांबणे, ताटकळणे, खोळंबणे या साऱ्यांचे ‘वेट करणे’ झाले. नाम बाहेरून आले तर मराठी त्याला प्रत्यय लावून पचवते. परंतु प्रत्येक क्रियेची जागा एकट्या ‘करणे’ने घेतली, तर पचवणारे पोटच दुबळे होते. आमच्यापैकी किती जणांनी ‘कट करून’ला कधी वर्तुळ केले आहे? ते आम्ही स्वतःच बोलतो, म्हणून ते खुपत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्याचे सोहळे झाले, आमच्याही महाविद्यालयात झाले, आणि त्यात आम्ही भाषणे केली. प्राचीनत्वाचे पुरावे ताम्रपटांत आणि पोथ्यांत सापडतात. ते सापडले याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु जिवंतपणाचा पुरावा वर्गात पहिल्या बाकावर बसलेला असतो, आणि आपण त्याचे गुण कापतो.

आम्ही विभागात यापुढे असे ठरवले आहे. विद्यार्थ्याने वापरलेला शब्द इंग्रजी आहे की ग्रामीण आहे, हे कारण गुण कापायला पुरेसे मानायचे नाही. त्या शब्दाने एखादा भेद पुसला, एखादे काम झाकले किंवा जागेवर असलेल्या अचूक शब्दाला उठवले, तरच शाई वापरायची, आणि समासात कारण लिहायचे. ज्या शब्दाचा अर्थ आम्हांलाच ठाऊक नाही, त्याला वर्तुळ करण्याऐवजी तो वहीत उतरवून घ्यायचा आणि विद्यार्थ्याला विचारायचा. ही वही सुरू झाली आहे. पहिली नोंद ‘पात’ आहे, दुसरी ‘तास’, तिसरी ‘काकर’. चौथ्या नोंदीत ‘लाइन’ आहे. तिच्यापुढे लिंग स्त्रीलिंग, अर्थ सध्या नऊ, आणि ‘लाइट’पासूनचा फरक. या ठरावाला आमच्यातल्याच दोघांचा विरोध आहे. त्यांनी आपली बाजू लिहावी, आम्ही तिचे स्वागत करू.

त्या विद्यार्थिनीचा निबंध आम्ही परत मागवला आणि दोन्ही गुण दिले. ‘पात’ कशी मोजतात हे तिला विचारले. तिने वर्गात उभे राहून ते समजावून सांगितले, आणि आमच्यापैकी एकाने ते लिहून घेतले.